नीरजाच्या भाजणीची वसुली

बाळकुम, ठाणे
रविवार

ती. सरोजताईस,

धाकट्या गुरुदत्तचा साष्टांग नमस्कार (कमरेमुळे तो मनातल्या मनातच घालतोय). तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालं असं ऐकलं. आता त्यांना तू स्पष्ट दिसत असशील, तेव्हा त्यांच्या तब्येतीची जरा काळजी वाटते.

इकडे सर्व क्षेम आहे असं लिहिणार होतो, पण मंगळवारी आमच्या हॉलमध्ये चार बायका ठिय्या देऊन बसल्या होत्या आणि मी, जन्मभर बँकेत लोकांची कर्जं मंजूर केलेला माणूस, त्यांना चहा करून देत होतो. त्याचं असं झालं, नाक्यावर मासळी विकणाऱ्या दगडाबाईंना बर्फाच्या मोठ्या पेटीसाठी छोटं कर्ज हवं होतं. पेटी नसल्यामुळे दुपार झाली की त्यांना पापलेट निम्म्या भावात द्यावं लागतं. असलं कर्ज पाच बायकांच्या गटाला मिळतं. तारण काही नाही, एकीची हमी बाकीच्या चौघींनी घ्यायची. पाचवी बाई मिळेना. नीरजा त्यांच्याकडून मासळी घेत नाही, पण संध्याकाळी फिरायला गेली की त्यांच्याशी तासभर बोलते (माझ्या वाट्याला एवढा वेळ कधी आलेला नाही). तेव्हा ती पाचवी झाली. मग नुसतं नाव लावणं बरं दिसत नाही म्हणून तिनंही कर्ज मागितलं. कर्ज पाळीपाळीनं मिळतं, त्याच्या चिठ्ठ्या टाकल्या, तर हिची पहिली निघाली आणि दगडाबाईंची शेवटची. हिनं घरघंटी आणली आणि थालीपीठाच्या भाजणीचा धंदा मांडला.

भाजणी उत्तम, खप त्याहून उत्तम. अडचण एवढीच की नीरजाला पैसे मागता येत नाहीत. तळमजल्यावरच्या ऋजुतानं पर्स उघडली की ही आपल्या वळणाप्रमाणे म्हणते, असू दे गं, कुठे पळून जातेस! ऋजुताही चांगल्या घरची, ती लगेच पर्स मिटते. अशी दोन चांगली घरं मिळून धंदा बुडवत होती. हप्ता थकला. मी माझ्या खिशातून भरतो म्हटलं तर, धंदा माझा आहे, असं ठणकावून मला गप्प केलं (मला ती तेव्हा फार आवडली, पण हप्ता काही त्यानं भरला जाईना).

हप्ता दर मंगळवारी, आणि गटाची रीत अशी की तो चुकवणारीच्या घरी बाकीच्यांनी जाऊन बसायचं, आणि तो भरेपर्यंत पुढच्या कुणालाच कर्ज नाही. म्हणजे दगडाबाईंची पेटी आमच्या सभ्यपणाखाली अडकलेली. त्यांनी टोपली खाली वॉचमनजवळ ठेवली होती. तिच्याभोवती सोसायटीतली मांजरंही बसून होती. चहा पिऊन झाल्यावर त्या नीरजाला शांतपणे म्हणाल्या, "बाय, लाज तुजी न् हप्ता आमचा?"

नीरजाच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही फार वाईट वाटलं. मग ती उठली, चपला घातल्या आणि दगडाबाईंना घेऊन एकेक मजला हिंडली. मागे पिशवी घेऊन मी. दगडाबाई बेल वाजवायच्या, नीरजा भाजणीचे पैसे हवेत असं म्हणायची, आधी जमिनीकडे बघून, तिसऱ्या मजल्यापासून माणसाकडे बघून. ताई, एकानंही तोंड वाकडं केलं नाही. ऋजुता तर म्हणाली, तुम्ही घेत नव्हता म्हणून मला जिन्यात तुमच्यासमोर यायची चोरी झाली होती. आता हप्त्याला थोडेच कमी पडतायत, आणि मंगळवार तोंडावर आलाय.

भावोजींना नमस्कार.

तुझा
गुरुदत्त

ता. क. : दिवाळीत तू मानपाड्याला पाच किलो भाजणी नेलीस, घरचीच म्हणून. आकडा मी लिहीत नाही, भावाला ते शोभत नाही. दगडाबाईंना पाठ आहे.

ता. क. २ : हे पत्र त्याच घेऊन येतायत. नीरजानं त्यांच्याबरोबर तुझ्यासाठी आणखी दोन किलो दिली आहे आणि ताईंना पैशांची घाई नाही म्हणावं, असा निरोपही दिलाय. दगडाबाई तो सांगणार नाहीत. त्यांना आत बोलाव आणि बसायला सांग. न सांगितलंस तरी त्या बसतीलच.