मुसक्यांतलं जिरेनियम

अंबाजोगाई,
ता. ६ जानेवारी २०२५

चि. मुक्ताबाईस बंकटदादाचा आशीर्वाद. वि. वि.

लेकाच्या, सोमनाथच्या घरी मी बरा आहे. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. महिनाभर गावाकडं जायचं नाही, वाकायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. फोनवर मला शब्द लागत नाही. तू तिकडून ओरडतेस आणि मी नुसतं हां हां करतो. म्हणून डाव्या डोळ्यानं लिहितोय. अक्षर सांभाळून घे.

जीव सगळा जिरेनियमपाशी आहे. चारी मुसकी तुझ्या ओसरीच्या वाशाला टांगून आलोय. बैल गेल्यावर त्यांच्या तोंडच्या मुसक्यांत गोणपाट घालून मी रोपं लावली, तेव्हा सगळी आळी हसली होती. सहा वर्षांत एका फांदीची चार रोपं झाली. सकाळचं ऊन लागू दे. बोटाचं एक पेर मातीत घालून बघ, कोरडं लागलं तरच पाणी. वाळलेलं फूल देठासकट खुड. रविवारी आपल्या वैष्णवीला बघायला इथले पाहुणे येणार, असं सोमनाथ म्हणाला. पाहुण्यांच्या लेकरांना मुसक्यांपाशी जाऊ देऊ नको.

आणि पत्रात एक पान घाल. नीट दिसत नसलं तरी चुरगाळून हुंगलं की मला कळतं. लोखंडाला लिंबू चोळल्यासारखा तो वास आला म्हणजे माझा घोर मिटेल.

तुझ्या पत्राच्या वाटेकडं कान लावून बसलेला,
दादा


युसूफ वडगाव,
ता. १५ जानेवारी २०२५

ती. बंकटदादांस धाकट्या मुक्ताचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमचं ते जिरं आणि त्याचे ते नियम! मी सून होऊन आले तेव्हा माझ्या सासूनं इतके नियम सांगितले नव्हते. फुलं झकास आहेत. लाल भडक झालीत. काळजी करू नका, डोळ्याला पाणी लागू देऊ नका.

आनंदाची गोष्ट म्हणजे वैष्णवीचं जमलं. दोन ठिकाणी अगदी कुंकवापर्यंत येऊन मोडलं होतं, माझ्या नातीच्या तोंडावरचं हसू गेलं होतं. या वेळी मुलाच्या आईला, वनमालाबाईंना, आपलं घर फार आवडलं. ओसरीतनं त्यांचा पाय निघेना.

पान घातलंय. दादा, या बहिणीवर लोभ ठेवा.

तुमची,
मुक्ता


अंबाजोगाई,
ता. २१ जानेवारी २०२५

चि. मुक्ताबाईस आशीर्वाद. वि. वि.

पोरीचं जमलं, लई बरं वाटलं. सोमनाथनं पेढे आणले.

पण तुझ्या पानाला वास नाही. तीनदा चुरगाळलं. पान पातळ लागतं, लव खरखरीत, आणि वास येतोय तो भाजीचा. कावून गं? रोपांना रोग पडला का? उंदरानं मुळं खाल्ली का? गेली असली तर गेली म्हणून लिही, मी सोसीन. दुसरं पान घाल, जुनं, खालच्या अंगाचं.

घोरात पडलेला,
दादा


युसूफ वडगाव,
ता. २८ जानेवारी २०२५

ती. दादांस साष्टांग नमस्कार. वि. वि.

आता नाकाचंही ऑपरेशन करून घ्या, म्हणजे एका खेपेत सगळं उरकेल. थंडीनं वास मरतो, असं शेजारची छबुबाई म्हणत होती. रोपं जागच्या जागी आहेत. माझ्या शब्दावर भरवसा नाही का तुमचा? दुसरं पान घातलंय. लग्नाच्या गडबडीत आहे, थोडक्यात गोड मानून घ्या.

तुमचीच,
मुक्ता


अंबाजोगाई,
ता. १२ फेब्रुवारी २०२५

मुक्ताबाईस,

डोळ्याची पट्टी निघाली. आता नवे सोयरे इथलेच, म्हणून काल सोमनाथ मला वनमालाबाईंच्या घरी घेऊन गेला. त्यांच्या गॅलरीत माझी चारी मुसकी टांगलेली होती. माझ्या हातची गाठ मला ओळखू येणार नाही, असं वाटलं तुला?

वनमालाबाई कौतुकानं सांगत होत्या, की वैष्णवीनंच ही रोपं फांदीपासून वाढवली, तिच्या आजीनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. अशी गुणाची पोर कोण सोडील? सोमनाथनं तोंड उघडलं होतं. मी त्याचा पाय दाबला आणि म्हणालो, पोरीच्या हाताला लई गुण हाय. या वयात सोयऱ्यांच्या दारात खोटी साक्ष दिली.

मागितली असतीस तर ही चारी मुसकी मी डोक्यावर घेऊन त्यांच्या दारी टांगून आलो असतो. पोरीपेक्षा फुलं मोठी नव्हती. पण तू आंधळ्या भावाला भोपळ्याचं पान हुंगायला दिलंस. दोनदा. वर नाकाची थट्टा केलीस. मी ते दुसरं पान उशाला ठेवून निजत होतो, मुक्ते, की कदाचित माझंच नाक बिघडलं असंल.

रोपं त्यांनी सावलीत टांगलीत. रोज तांब्याभर पाणी घालतात, खाली चिखल गळतोय. पानं पिवळी का पडली, असं त्यांनी मला विचारलं. सुनेला विचारा म्हणालो. तिला काय माहीत? ती तर तुझ्यासारखीच मुसक्यांखालनं वाकून जायची.

निघताना एक फांदी मागून घेतली. माझ्याच रोपाची फांदी, हात पसरून. ती इथं खिडकीत डब्यात लावलीय. वैष्णवीला आठ दिवस माझ्याकडं धाड. मातीत बोट घालायला शिकू दे, नाही तर सासरी पहिल्याच महिन्यात तुझं खोटं तिच्या अंगावर येईल.

तू येऊ नको. एवढ्यात नको. खुशाली लिहीत जा, तेवढी माया मोडत नाही.

पाकिटात पान घालू नको.

बंकट