खिडकी लावून बोलायची भाषा

अमा, तुम्हाला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, तरी हे मराठीतच लिहितेय. तुमची बास्क भाषा, जिच्यात आईला अमा म्हणतात, मला थोडीफार बोलता येते, लिहिता येत नाही. ती तुम्हाला तरी कुठे लिहिता येत होती? तुमच्या मुलाशी लग्न करून मी ओटावातल्या या घरात आले तेव्हा वाटलं होतं, सासू खाष्ट दिसतेय. जुलैचा उकाडा आहे, तुम्ही खारवलेला कॉड मासा रांधताय, लसणीचं तेल दाट व्हावं म्हणून मातीचं भांडं दोन्ही हातांनी गोल गोल हलवताय, आणि मी दारात दिसले की म्हणताय, "इची लेयोआ." खिडकी लाव. बास्कमधलं मी शिकलेलं पहिलं वाक्य हे. मी वसईची, मला मासळीच्या वासाचं काय कौतुक, पण त्या कोंडलेल्या स्वयंपाकघरात जीव नकोसा व्हायचा. खिडकी लागली की तुमचं तोंड सुटायचं. माशांची नावं, मेलेल्या नातेवाइकांची नावं, माझ्या पोळीवरची टीका, सगळं बास्कमध्ये. खिडकी उघडी असली की मोडकं इंग्रजी, नाहीतर गप्प. शेजाऱ्यांना वास जाऊ नये म्हणून हे चाललंय, अशी माझी समजूत होती.

मग पार्कातल्या त्या समर फेस्टिव्हलचा दिवस आला. प्रत्येक देशाचा एक तंबू होता, आणि तुमच्या मुलाने ओळखीची चार बास्क घरं गोळा करून आपलाही तंबू ठोकला. लाल कापडावर हिरवी आणि पांढरी फुली असलेला तो झेंडा त्याने मोठ्या हौसेने बांधला. तुम्ही माइकवर दोन वाक्यं बोलायची, बास्कमध्ये, एवढंच ठरलं होतं. तुम्ही आठवडाभर पुटपुटत होतात. निळा ड्रेस घालून माइकसमोर उभ्या राहिलात, पार्कापलीकडच्या घरांच्या उघड्या खिडक्यांकडे एकदा पाहिलंत, आणि म्हणालात, "गुड आफ्टरनून. थँक यू फॉर कमिंग." आणि खाली उतरलात. गाडीत तुमचा मुलगा इंग्रजीत तुमच्यावर तापला. इथे कोण तुला अडवतंय, सगळं जग आपापल्या भाषेत गातंय, तूच तोंडाला कुलूप लावून बसतेस, माझी शोभा केलीस.

घरी आल्यावर खिडकी तुम्ही स्वतः लावलीत आणि मला समोर बसवलंत. अर्धं बास्क, अर्धं इंग्रजी, उरलेलं मी चेहऱ्यावरून समजून घेतलं. तुमच्या लहानपणी शाळेत बास्क शब्द तोंडून गेला की मास्तर बोटात एक अंगठी घालायचे. ती उतरवायचा एकच मार्ग होता. दुसरं कोणी बास्क बोलताना पकडायचं आणि मास्तरांना सांगून अंगठी त्याच्या बोटात घालायची. आठवड्याच्या शेवटी शाळा सुटताना ज्याच्या बोटात अंगठी, त्याला छड्या. अशी ती तुमच्याकडे आली होती, आणि तुम्ही घरच्या अंगणात उभ्या असताना उघड्या खिडकीतून धाकट्या बहिणीचा आवाज आला. ती मांजराशी बोलत होती. दुसऱ्या दिवशी छड्या तिने खाल्ल्या, आणि त्यानंतर ती ही भाषा कोणाशीच बोलली नाही, मांजराशीसुद्धा नाही. हे सांगून झाल्यावर माइकवरची ती दोन वाक्यं तुम्ही मला म्हणून दाखवलीत. "माझी आई माझ्याशी या भाषेत बोलायची. मी अजून बोलते." मग उठून मासा गरम केलात.

मला ते फार समजावून सांगावं लागलं नाही. इथल्या आमच्या मराठी मंडळात पुण्याकडच्या एका डॉक्टरीणबाई माझी वसईची बोली ऐकून "किती गोड बोलता हो" म्हणून हसल्या होत्या. तेव्हापासून मी तिथे पुस्तकातली मराठी बोलते. माझ्या बोटात कोणी अंगठी घातली नव्हती, तरीही.

गेल्या वर्षी आम्ही दोघं स्पेनमधल्या तुमच्या गावी गेलो. अमा, तिथे आता सगळ्या पाट्या बास्कमध्ये आहेत, गॅलऱ्यांवर झेंडे आहेत, चौकात पोरं चेंडू खेळत बास्कमध्ये कोकलत असतात. तुमच्या मुलाने झेंड्याची टोपी घालून भरपूर फोटो काढले आणि इंग्रजीत कॉफी मागवली. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. मी बाकावरच्या एका म्हातारीशी चार शब्द बोलले. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "तू माझ्या आजीसारखी बोलतेस. असं आता कोणी बोलत नाही. पोरं शाळेत शिकवलेली भाषा बोलतात." तिला आनंद झाला होता. तुमच्या घरची बोली आता फक्त माझ्याकडे उरली होती, आणि मला तर तिची क्रियापदंही नीट जमत नाहीत.

आज सकाळी कॅल्गरीहून तुमच्या नातीचा फोन आला. तिच्या मुलीच्या शाळेत हेरिटेज डे आहे, टेबलावर झेंडा आणि केक ठेवायचाय.

"मॉम, जस्ट वन लाइन इन बास्क. व्हॉइस नोट पाठव, शी'ल प्ले इट."

"ती स्वतः शिकेल का म्हणायला? मी शिकवते फोनवर."

"मॉम, शी'ज सेव्हन. इट्स ओन्ली फॉर द टेबल."

यात तिचं काही चुकलं असं नाही. मीच तिला कधी शिकवलं नाही, तिच्या बापाला येत नव्हतं, आणि तुम्ही होतात तेव्हा खिडकी लागली की ती उकडतंय म्हणून बाहेर पळायची. फोन घेऊन मी स्वयंपाकघरात तुमच्या जागी बसले. पहिलं वाक्य म्हटलं, आईच्या जागी सासू घालून. दुसरं म्हटलं, "मी अजून बोलते," आणि रेकॉर्डिंग थांबवलं. कोणाशी बोलते? तुमचा मुलगा बेसमेंटमध्ये हॉकी बघत होता. ती नोट अजून पाठवलेली नाही, आणि हे पत्र तर कुठे पाठवणार.

एक सांगायचं राहिलं, अमा. रेकॉर्डचं बटण दाबण्याआधी मी उठून खिडकी लावली होती. बाहेर कोणीही नव्हतं.