पहिली टाकी कोणी केली

झरी, ता. जि. परभणी
दि. ७ ऑगस्ट २०२५

चि. बन्सी,

अनेक आशीर्वाद. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद. फाडायचा असेल तर निदान शेवटपर्यंत वाचून फाड.

इकडे सगळं ठीक. मायची कंबर धरते, पण तोंड शाबूत आहे. सोयाबीन फुलात आलंय. दुकानही चालू आहे. शर्यतीच्या मोटरसायकलींच्या पेट्रोलच्या टाक्या अजून आपल्याकडेच येतात. दर चाचणीनंतर कंपनीवाले आकार बदलतात, त्यामुळे साचा काढून भागत नाही. अॅल्युमिनियमचा पत्रा हातानेच ठोकून वळवावा लागतो. तुला हे मी कशाला सांगतोय म्हणा.

हैदराबादेत तू बसच्या बॉड्या ठोकतोस, असं भुजंगमामाकडून कळलं. तुझ्या हाताला ते काम म्हणजे... जाऊ दे. जेवण वेळेवर करत जा.

मागच्या महिन्यात एक टाकी परत आली. पहिल्यांदाच. डाव्या बाजूला, गुडघा टेकतो तिथे, बारीक उंचवटा राहिला होता. डोळ्यांना दिसत नव्हता, पण चारशे किलोमीटर वाळूतून गाडी हाणणाऱ्याचा गुडघा सोलून निघाला. टीमच्या इंजिनियर ऋतिका मॅडम ती टाकी घेऊन स्वतः पुण्याहून आल्या. मी टाकी उचलली आणि तिला गाल लावला.

"काका, हे काय करताय?" त्यांनी विचारलं.

वर्षभर हेच करतोय, बन्सी. डाव्या तळहाताला काही कळत नाही. तीस वर्षं हादरे खाऊन नसा गेल्या, असं परभणीचे डॉक्टर म्हणतात. उजव्याने मारायचं आणि डाव्याने चाचपत जायचं, हे तुला मीच शिकवलं. आता चाचपायला गालच उरलाय. दुकानात येणाऱ्यांना वाटतं, सुग्रीवचा टाकीवर फार जीव. मायला मात्र बरोबर कळलं होतं. म्हणाली, "टाकीचे मुके कशाला घ्यायलास? भावाला बोलव की रे!"

मॅडमना मी हाताचं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "दिवाळीआधी दोन टाक्या हव्यात, काका. नाहीतर काम दुसरीकडे द्यावं लागेल. तुम्ही केलेली ती पहिली टाकी अजून आमच्याकडे ठेवलीय. तसा हात आता कुठे शोधू?"

ती टाकी कोणाची, ते तुला ठाऊक आहे.

सहा वर्षांपूर्वी त्यांचा ट्रक जिंतूर रोडला आपल्या दारात थांबला होता. त्यांची चेपलेली टाकी बघून तू दोन दिवसांत नवी वळवून दिलीस. न्यायला आलेल्या साहेबांनी विचारलं, "ही कोणी केली?" आणि मी छाती काढून म्हणालो, "मीच केली हाय." तू परभणीहून वेल्डिंगचे रॉड घेऊन दारात उभा होतास. रॉड खाली ठेवलेस, हात धुतलेस आणि आठ दिवसांनी घर सोडलंस. भांडला असतास तर मी चार शिव्या देऊन मोकळा झालो असतो. तू भांडला नाहीस, तेच सलतं. मी चोरी केली, बन्सी. सख्ख्या भावाची.

हेही मॅडमना सांगितलं. वाटलं, आता काम तर जाणारच, वर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "मग त्यांनाच बोलवा ना."

हात गेल्यावर भाऊ आठवला, असं तू म्हणशील. म्हण. हात धड असता तर अजून दहा वर्षं मी गप्प बसलो असतो, इतका निगरगट्ट आहे. पण रोज त्या पत्र्याला गाल लावताना तुझी आठवण येते, हेही खोटं नाही.

पत्रा आलाय. ठोकताना त्याच्याखाली घ्यायची वाळूची पिशवी नवी शिवून घेतलीय. मारायला मला अजून येतं रे, कुठे मारायचं ते तू सांग. तू बोट ठेवशील तिथेच मारीन. चुकलो तर माझ्यासारखाच ओरड, सगळ्यांदेखत.

प्रत्येक टाकीबरोबर एक कार्ड जातं, त्यावर करणाऱ्यांची नावं असतात. दोन्ही कार्डं मॅडमनी इथेच ठेवली, म्हणाल्या, तुम्हीच भरा. मी भरली. कारागीर : बन्सीधर. मदतनीस : सुग्रीव. तू आलास किंवा नाही आलास, मी ती खोडणार नाही.

तुझा मदतनीस,
सुग्रीव