तापातला फोटो

नम्रता,

आजपासून या घरात नोकरी एकीकडे आणि घरची शेती दुसरीकडे राहील, असा मी निर्धार केला आहे. निर्धार होईपर्यंत तुझ्या साहेबांनी तुझ्या फोटोला अंगठा देऊन टाकला होता.

काल तू कारखान्यात तापाची रजा टाकून आपल्या खाचरात भात लावायला उतरलीस. पाण्यात ढग उतरले होते, मागे माथेरान विरघळत होतं. तू ढगांतच रोपं खोचतेस असं वाटलं आणि माझं भान गेलं. फोटो फेसबुकवर टाकला. तुझ्या साहेबांना मीच हौसेनं मित्र केलंय, हे आठवलंच नाही.

आता फोटो तिथून काढून टाकलाय. साहेबांनाही मैत्रीतून काढलं. तुझी नोकरी अजून पक्की व्हायचीय, कळतंय गं मला.

रात्री तू झोपल्यावर त्यांचा फोन आला. मनात म्हटलं, गेली नोकरी. ते म्हणाले, "आबाजी, पोरीचा हात सरळ चालतोय. गावाला, पोशीरला आमची लावणी खोळंबलीय. उद्या मलाबी ताप हाय. घेऊन या तिला."

मी पुढे जातोय. येताना माझी कवळी आण. साहेबांसमोर हसावं लागेल.

— बाबा