ठेवू नका, मी बोलतोय

२६ जून, माले

तिकीट आलं. ऑफिसच्या चॅट टीममधून दोघांना निवडलंय, मी आणि ऋतुजा. स्पेनमध्ये सालामांकाला महिनाभराचा उन्हाळी स्पॅनिश कोर्स. माझं लेखी स्पॅनिश टीममध्ये सगळ्यात चांगलं, असं साहेब चारचौघांत म्हणाले. पुढचं बाजूला घेऊन सांगितलं. गिऱ्हाइकांना लिहून उत्तरं द्यायचं चॅटचं काम बंद होतंय. परत आल्यावर चाचणी. पास झालो तर मेक्सिकोच्या गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचे, नाही तर...

तोतऱ्या माणसाला फोनवर बसवणार.

वडील भाताच्या खाचरात होते, लावणी तोंडावर आलेली. म्हटलं, "आण्णा, मला ऐ... ऐ..."

"ऐन आवनीत जायचंय, व्हय ना? जा. मानसं लावू आमी."

लहानपणापासून असंच. माझं वाक्य मी सुरू करायचं, घरच्यांनी संपवायचं. मायेनंच करतात, तक्रार नाही.

५ जुलै, सालामांका

पोचलो. तिकडं चिखलणी, इकडं कडक ऊन. मुक्काम पिलारबाईंकडे, तिसऱ्या मजल्यावर. सत्तरीच्या पुढच्या, एकट्याच राहतात. दारातच नाव विचारलं. स्वतःचं नाव मला सगळ्यात जड. 'क'वर जो अडकलो तो अडकलोच. बाई किल्ली हातात धरून उभ्या. मान हलवली नाही, हसल्या नाहीत, घड्याळ बघितलं नाही. शेवटी 'कैलास' बाहेर पडलं. "बरं. कैलास, बाथरूम डावीकडे."

७ जुलै

वेडी आशा होती, परक्या भाषेत जीभ सुटेल म्हणून. नाही सुटली. वर्गात ओळख करून द्यायची होती, तर शेजारून ऋतुजानंच माझं नाव सांगून टाकलं. नंतर कॉफीही तिनंच मागवली. लातूरची पोरगी, जीव लावणारी. पण असं चाललं तर महिनाभर मी इथं फक्त ऐकणार.

९ जुलै

नदीवरच्या पुलावर ऋतुजाला सांगितलं, माझं तू बोलू नकोस. तेवढं सांगायलाही वेळ लागलाच. तिनं कठड्याला हात टेकला. मग म्हणाली, "मला वाटलं, तुला बरं वाटतं."

"सोपं वाटतं. बरं नाही."

"मग मी नुसती उभी राहू?"

म्हटलं, हो.

संध्याकाळी कॉफी मी मागितली. माझ्या मागं रांग. ऋतुजा पर्सची चेन उघडत-लावत उभी, पण तोंड मिटलेलं. कॉफी दुधाची मिळाली, मला काळी हवी होती. प्यालो. झकास लागली.

१४ जुलै

आज जेवताना मसुराची आमटी. पिलारबाईंना विचारलं, तुम्ही माझं वाक्य कधीच पुरं का करत नाही? त्यांनी पाव मोडला. "तू काय बोलणार ते मला कुठं ठाऊक? एवढ्या लांबून आलायस. काहीही बोलशील."

किती साधं. घरी सगळ्यांना ठाऊक असतं मी काय बोलणार ते. निदान त्यांना तसं वाटतं. आणि मीही वर्षानुवर्षं तेच बोलत आलोय, जे त्यांना आधीच ठाऊक आहे.

१७ जुलै

घरी फोन. वरची खाचरं लावून झाली. आई म्हणाली, लई पाऊस हाय, रस्त्यावर पाणी. बाकी आण्णाच बोलले, माझ्या वाटणीचंही. वर्गात बरं चाललंय. शिकवणाऱ्या बाई आता मला मुद्दाम लांब उत्तराचे प्रश्न विचारतात. अडखळणं तेवढंच आहे, बोलणं मात्र वाढलंय.

२१ जुलै

सकाळी पिलारबाई जिन्यात घसरल्या. मी मागंच होतो. मनगट वेडंवाकडं झालेलं, तोंड पांढरंफटक. खालच्या शेजाऱ्यांनी गाडी काढली. बाई म्हणाल्या, मुलीला फोन कर. ती दुसऱ्या गावी असते.

फोन. मला.

लावला. तिकडून "बोला" आलं. मी पहिल्याच अक्षरावर अडकलो. तिनं ठेवला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. कोणी बोलतच नाही म्हटल्यावर कोण धरून बसेल? पिलारबाई पायरीवर बसून माझ्याकडं बघत होत्या. इतकं दुखत असूनही माझ्या हातातला फोन काही मागितला नाही. तिसऱ्या वेळी तिच्या आईचं नाव, पत्ता, सगळं सोडलं. नुसतं म्हटलं, "नो कुएल्गे." ठेवू नका. ते बाहेर आलं. मग म्हटलं, मी तोतरा आहे, वेळ लागेल, तुमच्या आईबद्दल आहे.

ती थांबली. मी सगळं सांगितलं.

दुपारपर्यंत मुलगी दवाखान्यात आली. हाड चिरलंय, ऑपरेशन नको. जाताना माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाली, आधीचे दोन्ही फोन मीच ठेवले ना? मी मान हलवली.

२२ जुलै

आण्णांना फोन केला. कालचं सांगायला लागलो. जिन्यात म्हणेपर्यंत आण्णा, "पडली म्हातारी, आन् तुझ्यावर आळ आला. म्हनून म्हनत व्हतो, परक्याच्या घरात..."

"आण्णा, थांबा. मी सांगतो."

आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो. पलीकडं फक्त पत्र्यावरचा पाऊस. वाटलं, लागलं त्यांना. तरी बोलत राहिलो, अडखळत, शेवटपर्यंत.

मग आण्णा म्हणाले, "बरं. आता हात कसा हाय तिचा?"

८ ऑगस्ट, माले

येऊन आठवडा झाला. चिखलात पाय घातले तेव्हा घरी आल्यासारखं वाटलं. आण्णा अजून मधेच बोलतात, पण माझ्याकडं बघतात आणि गप्प होतात. कधी आवरत नाही त्यांना. चालायचंच.

१२ ऑगस्ट

चाचणी झाली. खरेच फोन होते. पहिल्यानं ठेवला. दुसऱ्या बाईंना आधीच सांगून टाकलं, मी तोतरा आहे, तुमचं काम होईल. त्या म्हणाल्या, भाजी चिरतेय, सावकाश बोल. काम झालं. तिसऱ्याला घाई होती, पण त्यानं धरून ठेवला. साहेब काचेपलीकडं उभे होते. पुढच्या आठवड्यात कळवतो म्हणाले. चेहऱ्यावरून काही कळेना. ऋतुजाचं नक्की झालं. तिच्यासाठी खूप बरं वाटलं.

घरी येताना पौडला बसची वाट बघत असताना पिलारबाईंचा मेसेज आला. हाताला प्लास्टर आहे, टाइप करता येत नाही, म्हणून आवाजातच. चाचणी कशी झाली, विचारत होत्या. वर दम, लिहून पाठवू नकोस, मला बोलून सांग.

मी आजवर कुणालाच आवाजी मेसेज पाठवलेला नाही. स्टँडच्या मागं जाऊन बटण दाबलं. सुरुवातीला नुसता माझा श्वास आणि एसटीचा हॉर्न, मग अडखळत सगळं. पुसून पुन्हा करावा वाटला. नाही पुसला. तसाच पाठवला.