डाळिंबी तागा

८ ऑक्टोबर २०१९, दसरा
लागलं एकदाचं दुकान! सदर बाजारात हातगाडीवर हुक आणि बटणं विकणारा हा वामन आज मॉलमध्ये, काचेच्या दारामागे, एसीखाली बसला. ‘सिंधू मॅचिंग सेंटर’, गाळा नंबर सतरा. साडीचा तुकडा आणा, जुळत्या रंगाचं ब्लाउजपीस घेऊन जा. सिंधूने हौसेने नव्या डाळिंबी ताग्यातून तिचं ब्लाउज आणि माझा कुर्ता एकदमच शिवून घेतला. गिऱ्हाइकं आम्हाला बघून हसत होती. म्हटलं, हसा, हीच आमची जाहिरात.

गेटवर वॉचमन मारुतीराव आहेत. फौजेतले निवृत्त हवालदार, मूळ साताऱ्याचे. इथल्या बबीन्याच्या छावणीत पोस्टिंग झालं आणि इकडचेच झाले. या हिंदी मुलखात माझं मराठी ऐकून इतके खुलले की मॉलचा सगळा इतिहासच सांगितला. वरच्या मजल्यावर आधी ब्रँडेड कपडे होते, मग फूड कोर्ट, मग जिम, आता कोचिंग क्लास. माझ्या गाळ्यात आधी खेळणी, मग चपला, मग मोबाइल. ते तिघे आता कुठे असतात, असं विचारलं, तर चहा फुंकत राहिले.

९ ऑक्टोबर
भवानीला एक म्हातारी आली. दिवसाच्या पहिल्या गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणायचं नाही, हा माझा हातगाडीपासूनचा नेम. तिने काउंटरवर कापडाचं छाटण ठेवलं. ओलसर, कडा कुजलेल्या, शेवाळाचा वास. आजकालची पोरं त्याला नुसतं पिवळं म्हणतील, पण रंग केतकी. मी पहिल्याच फटक्यात तागा काढला. ती हसून म्हणाली, “भैया जी, नज़र पक्की है आपकी।” दोन मीटर फाडून दिलं. माझे कान तिखट आहेत, नुसत्या आवाजावरून सांगतो कापड सुती की मिसळीचं.

कोणासाठी, विचारलं. म्हणाली, खालच्यांसाठी, त्यांच्या अंगावरचे कपडे विरत चाललेत. असेल एखादी खालची वस्ती. छाटण इथेच विसरली. मी बोर्डावर टाचून ठेवलं.

एक गोष्ट मात्र खटकली. ती गेटकडे गेली नाही. माझ्या गाळ्यापुढे मॉलची भिंत आहे. तिकडून पायऱ्या उतरल्याचा आवाज आला. बराच वेळ.

१० ऑक्टोबर
भवानी पुन्हा तिचीच. आज आमसुली. तेही जुळवून दिलं.

ती गेल्यावर भिंत बघून आलो. पक्की आहे, वर वाळूच्या लाल बादल्या टांगलेल्या. मारुतीराव म्हणाले, मागे तळघराचा जिना आहे. पार्किंगसाठी खोदताना जुनी बावडी, पायऱ्यांची विहीर, लागली. राबीट टाकून बुजवली, तरी पाणी चढतच राहिलं, म्हणून जिना चिणून टाकला. मी म्हटलं, तिथून पावलं ऐकू येतात. म्हणाले, “आवं वामनराव, कान धुवा जरा.”

११ ऑक्टोबर
आज मोरपंखी. दिलं.

दुपारी मारुतीराव चहा घेऊन आले. म्हातारीने रोज इथेच विसरलेली तीन छाटणं बोर्डावर बघितली आणि ग्लास काउंटरवर ठेवला. खाली बसले. मग हळू आवाजात सांगितलं. खेळणीवाल्याचा कुर्ता केतकी होता. चपलावाल्याचा शर्ट आमसुली. मोबाइलवाल्याचा मोरपंखी. तिघेही भर दिवसा दुकान उघडं टाकून नाहीसे झाले. अंगावर काय होतं, हे तिन्ही वेळा पोलिसांना यांनीच लिहून दिलं होतं.

मी म्हटलं, रंग काय, कोणाचेही जुळतात. ते म्हणाले, “तुम्हीच म्हणता ना, तुमची नजर चुकत नाही?”

१२ ऑक्टोबर
आजचं छाटण कोरडं. नवं कोरं. डाळिंबी.

माझ्याच ताग्यातलं. पोत ओळखू येतो मला.

मी ‘नाही’ म्हणालो. बावीस वर्षांत पहिल्यांदा भवानीला. तिने माझ्या मागच्या फळीवरच्या ताग्याकडे बघितलं. म्हणाली, “कोई बात नहीं, कल ले जाऊँगी।”

छाटण खिशात घालून धावत घरी गेलो. माझा कुर्ता धड आहे. सिंधूच्या ब्लाउजला डाव्या बाहीवर चौकोनी भोक. ती म्हणते, उंदीर. मी छाटण लावून बघितलं. धाग्याला धागा बसला. उंदीर कात्रीने कापतात का?

१३ ऑक्टोबर
दुकान उघडलं नाही. अकराला घराच्या दारावर टकटक. बंद दाराआडून— भैया जी, मिल गया क्या?

म्हणजे कुलूप लावून सुटका नाही.

सिंधूला मोठ गावी तिच्या बहिणीकडे जायला सांगितलं. ब्लाउज मागितलं, जाळायला. म्हणाली, रफू केलंय, हौसेचं आहे, का जाळू? मी ओरडलो. लग्नानंतर पहिल्यांदा. ब्लाउज तिने पिशवीत कोंबलं. बसमध्ये बसली, खिडकीतून माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

जाऊ दे. लांब आहे, तेवढं पुरे.

१४ ऑक्टोबर, सकाळी
मी व्यापारी माणूस. सौदा करीन. माझा कुर्ता घालून बसलोय. तागा तोच, रंग तोच. बाईला काय कळणार कोणाचा? न्यायचं तर मला ने.

११.१०
आली. मी सिंधूचं छाटण पुढे ठेवलं, माझ्या कुर्त्याची पट्टी फाडून शेजारी लावली. म्हटलं, घ्या, जुळलं.

तिने दोन्ही तुकडे उजेडात धरले. हसली. घेऊन गेली.

मला काही झालं नाही. इथेच आहे. स्वतःला चिमटा काढून बघितला.
फसली! म्हातारी फसली!

११.२०
केतकी मी जुळवला तेव्हा मला कुठे काही झालं? आमसुली दिला तेव्हा? तिने नेलं ते माझ्यासाठी कधीच— ज्याचं छाटण, त्याच्यासाठी—

सिंधू फोन उचलत नाही. मेहुणी म्हणते, सकाळच्या बसने परत निघाली. मला एकटं सोडून करमेना म्हणे. तेच ब्लाउज—

जोडव्यांचा आवाज. फरशीवर. सिंधूची चाल, हजारांत ओळखीन.
हाक मारली. वळत नाही.
इकडे येत नाही ती. भिंतीकडे—

मारुतीराव, अडवा तिला—

भिंतीच्या आत. जोडवी. एक पायरी. दोन. तीन. पाण्यात—

सिंधू, थांब, मी