सहा मिलिमीटर

९ ऑक्टोबर, रविवार सकाळ

प्रिय भिंगरी,

अनेक आशीर्वाद. आई बरी आहे. डोळ्यांत थेंब घालायला पाच मिनिटं उशीर झाला तरी माझीच शाळा घेते, म्हणजे खरंच बरी आहे.

परवा स्टुडिओचा माळा उपसला आणि आजवर स्वतःच्या हातानं केलेलं सगळं जमिनीवर ओळीनं मांडलं. कॅमेऱ्याची गाडी: स्केट्सची आठ चाकं, खाली सरकत्या दाराची पट्टी. क्रेन: कॉलेजनं टाकून दिलेला पोल व्हॉल्टचा पोल, मागे तोलाला गोळाफेकीचा गोळा. पाऊस पाडायचा पाइप: दोनशे चाळीस भोकं, प्रत्येक दीड मिलिमीटरचं, एकही वाकडं नाही. लेन्सवरचं ऊन अडवायला रंगाच्या डब्याची टोपी. आणि एक बुटांचा जोड.

यातलं काहीच मला कुणी शिकवलं नाही. मागच्या आठवड्यात एका मुलाखतीत विचारलं, "सर, दिग्दर्शनाचं शिक्षण कुठं घेतलंत?" म्हटलं, चारशे मीटर हर्डल्समध्ये. दोन अडथळ्यांमध्ये सतरा पावलं, ना सोळा ना अठरा. गाणंही तसंच मोजून कापायचं. ते हसले. मी विनोद केला नव्हता.

मग त्यांनी अर्थातच आपलं ते पहिलं गाणं लावलं. तू पुलावरून धावत येतेस, शेवटच्या कडव्याआधी तुझा पाय अडखळतो आणि नेमका त्याच पावलावर ड्रमचा ठोका पडतो. "ते अडखळणं सुचलं कसं?" मी एकवीस वर्षं जे सांगतोय तेच सांगितलं: बहिणीकडून दोन दिवस तालीम करून घेतली.

घरी येऊन हे आईला कौतुकानं सांगत होतो. ती म्हणाली, "तिकडे भिंगरी दरवर्षी धावायला शिकायला आलेल्या नव्या पोरींना घोट्यामागचा व्रण दाखवते. म्हणते, मी एकदा वॉर्मअप घाईत उरकला, बघा काय झालं."

त्यानंतर माळा उपसला. आवरायला नाही, बूट शोधायला.

तसं सांगत जाऊ नकोस. घाईत उरकला नव्हतास. त्या दिवशीची टेस्ट टेपही सापडली. मी उजेड तपासतोय आणि मागे, फ्रेमच्या डाव्या कोपऱ्यात, तू वॉर्मअप करतेस. अडतीस मिनिटं. मी दोनदा मोजली.

आता बूट. तुझ्या शर्यतीच्या बुटांचे खिळे काँक्रीटवर घसरले असते, म्हणून मी ते काढले आणि पंजाखाली रबर चिकटवलं. टाचेखाली लावलं नाही, कारण तिथं ते कॅमेऱ्यात बेढब दिसत होतं. पंजा सहा मिलिमीटर वर, टाच तेवढीच खाली. अंदाजानं नाही सांगत, तेव्हाच कॅलिपर लावून मोजलं होतं. टाचेच्या शिरेवर त्याचा काय ताण येतो हे पहिल्या वर्षाच्या खेळाडूलाही कळतं.

पाचव्या टेकनंतर तू म्हणालीस, "दादा, टाच खाली ओढल्यासारखी होतेय."

"नखरे नकोत, ऊन जातंय."

"नखरे काय रे, पुढच्या आठवड्यात निवड चाचणी आहे माझी."

"अजून एकच."

ते 'एकच' मी नऊ वेळा म्हणालो.

चौदाव्या टेकला आवाज आला, फळी मोडल्यासारखा. बाकीच्यांना दिवा फुटला असं वाटलं. मला वाटलं नाही. मी ट्रॅकवर वाढलेला माणूस, टाचेची शीर तुटल्याचा तो आवाज मी पूर्वी एकदा ऐकला होता. तरी 'कट' म्हणालो नाही. तू फ्रेमच्या बाहेर जाईपर्यंत थांबलो. तीन पावलं.

हॉस्पिटलात आईला आणि तुझ्या सरांना सांगितलं, हिनं वॉर्मअप नीट केला नाही. तू कॉटवर पडून ऐकत होतीस. म्हणालीस, "कमी पडला असेल." नंतर विचारलंस, "बूट कुठेत रे माझे?" मी म्हटलं, फेकले. फेकले नव्हते. लपवले होते, आणि का लपवले हेही मला तेव्हाच माहीत होतं.

तुझी चाचणी गेली, माझं गाणं चाललं. त्यानंतर साठ गाणी केली. लोक अजून तेच एक पाऊल आठवतात.

बूट आणि टेप सोबत पाठवतोय. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, पट्टी लावून स्वतः मोज. आणि नव्या पोरींना खरं ते सांग. माझं नाव घेऊन सांगितलंस तरी चालेल. चालेल काय, घेऊनच सांग.

एक राहिलं. बूट बनवणाऱ्या एका कंपनीला जाहिरातीसाठी ते अडखळणं हवं होतं. नऊ सेकंद. खाली ओळ येणार होती, 'पाय थकतील, तुम्ही थांबू नका.' गुरुवारी त्यांना नकार कळवला. पाय तुझा होता, आणि याही वेळी तुला न विचारताच ठरवलं. एकेचाळीस लाख देत होते.

'कट' न म्हणालेला,
तुझा दादा